सिम्फनी वाद्यवृंदाचा हंगाम कसा आखावा: तालमी, भागीदार आणि पैशाचे तीन डबे

मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की निवेदक, कीबोर्ड आणि जुन्या गाण्यांची रात्र डोळ्यांसमोर येते. प्रायोजकाच्या केबिनमध्येही तेच होतं, आणि पहिली दहा मिनिटं ‘तुमच्याकडे गायिका कोण?’ याला उत्तर देण्यात जातात. म्हणून बोलणी सुरू करण्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा: वादकांचा पूर्ण संच दिसेल अशी तीन मिनिटांची चित्रफीत आणि एका पानाचं टिपण. पुढचं सगळं अशांसाठी आहे ज्यांच्याकडे मुंबई, पुणे किंवा पणजीसारख्या शहरात चाळीसेक वादकांचा संच आहे आणि ज्यांना वर्षाचा हंगाम एकल कलावंत, गायकवृंद, शाळा आणि देणगीदार यांना बरोबर घेऊन उभा करायचा आहे.

आधी सत्रं मोजा, मग नावं ठरवा

हंगाम मैफलींच्या संख्येनं मोजला की हिशेब चुकतो. तो सत्रांनी मोजा. एक सत्र म्हणजे तीन तास, मध्ये वीस मिनिटांची चहाची सुट्टी. एका कार्यक्रमाला तीन तालमी, एक रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष मैफल अशी पाच सत्रं लागतात. वर्षात चार कार्यक्रम धरले की वीस सत्रं झाली. आता कुठलाही खरा भागीदार, मग तो सतारिया असो, गायकवृंद असो की नृत्यसंस्था, किमान एक जादा सत्र खातो. तेवढं सत्र देता येत नसेल तर ती भागीदारी पोस्टरवरच राहते आणि मैफलीत उघडी पडते.

पैशात बघा. ४२ वादक, पाच सत्रं, एका सत्राला माणशी ३,००० रुपये धरले तर ६,३०,००० रुपये झाले. ६०० खुर्च्यांचं सभागृह ७० टक्के भरलं आणि तिकीट ५०० रुपये ठेवलं तर आले २,१०,०००. म्हणजे सभागृहाचं भाडं, कंडक्टरचं मानधन आणि वाद्यं नेणारा टेम्पो धरण्याआधीच ४,२०,००० रुपयांचं भगदाड. पूर्ण संचाचं प्रत्येक जादा सत्र त्यात १,२६,००० रुपयांची भर घालतं. वर्षाला २२ सत्रांचे पैसे असतील तर भागीदाऱ्या दोनच, तिसरी नाही. हे गणित कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढे उत्साहात कुणीतरी पाचवा पाहुणा सुचवतंच.

तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवण्याला आणखी एक कारण आहे: तेवढ्यापर्यंत मैफलीच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही. ५५० केलंत तर वरचे ५० रुपये तुमच्या हाती राहतातच असं नाही.

तारखा

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली खुशरू सनटूक आणि मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. निवासी वादकांचा छोटा गाभा आणि हंगामापुरते बाहेरून येणारे वादक, अशी त्याची रचना. म्हणूनच त्याचे मुख्य हंगाम फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास, सलग गठ्ठ्यात होतात. विमानाची तिकिटं आणि मुक्काम यांचा खर्च एकदाच व्हावा, हा त्यातला व्यवहार. तुमचे वादक शहरातलेच, दिवसा नोकरी करणारे असतील तर तुम्हाला उलटं करावं लागेल: सहा आठवडे, दर शनिवारी किंवा रविवारी एक संध्याकाळ.

सप्टेंबरची तारीख घेताना पंचांग उघडा. विसर्जनाच्या दिवशी चेलो घेऊन गिरगावातून जाता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा शाळांचा कार्यक्रम ठेवू नका. गोव्यातले वादक डिसेंबर-जानेवारीत लग्नांच्या बँडमध्ये अडकलेले असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक लग्नं जवळपास होत नाहीत, तेव्हा तेच वादक मोकळे सापडतात. पावसाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात. जुलैत मैफल ठेवलीच तर तालमीच्या खोलीची दमट हवा काढायची सोय करा, नुसत्या पंख्यानं भागत नाही.

कृती निवडताना वाद्यं मोजा

४२ जणांचा संच म्हणजे पहिली व्हायोलिन ८, दुसरी ८, व्हायोला ६, चेलो ४, डबल बास ३, असे २९ तंतुवाद्यवाले. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि ‘बसून’ हे खर्जातलं फुंकवाद्य, प्रत्येकी दोन. हॉर्न दोन, ट्रम्पेट दोन, टिम्पनी एक. बेथोव्हनच्या बऱ्याचशा सिम्फनी यात बसतात, पण पाचवी बसत नाही: शेवटच्या भागात तिला पिकोलो, काँट्राबसून आणि तीन ट्रॉम्बोन जादा लागतात. मोझार्टची चाळिसावी उलट बाजूची. तिला ट्रम्पेट नको, टिम्पनी नको, फ्लूट एकच, आणि क्लॅरिनेट नसलेली मूळ आवृत्ती घेतली तर ३६ जणांत काम होतं. जिथे भागीदाराला जादा सत्र द्यायचं आहे तिथे हीच घ्या. सहा माणसं वाचली की त्या सत्राचे बरेचसे पैसे सुटतात.

द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा मोह सगळ्यांना होतो. तिला आणखी दोन हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि एक तालवाद्यवाला असे सात जण जादा लागतात. त्यातला ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात जेमतेम काही स्वर वाजवतो आणि झांजेचा ठोका अख्ख्या सिम्फनीत एकच, चौथ्या भागात. या दोघांना पाचही सत्रांना बोलावून बसवून ठेवू नका. रंगीत तालमीच्या आदल्या सत्रापासून बोलवा आणि दुसरा भाग सत्राच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे ट्यूबावाला मोकळा होईल.

स्वामित्वहक्काचा घोळ इथेच मिटवा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. बार्तोक १९४५ साली गेला, तो इथे मोकळा आहे. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, त्याच्यासाठी २०३५ संपेपर्यंत परवानगी आणि शुल्क लागेल. शिवाय हक्क संपला म्हणजे वादकांच्या प्रती (प्रत्येकाच्या वाद्याची छापील स्वरलिपी) फुकट मिळाल्या असं नव्हे. त्या विकत किंवा भाड्यानं घ्याव्या लागतात, परदेशातून येतात, कस्टममध्ये अडकतात. मैफलीच्या तीन महिने आधी मागणी नोंदवा. प्रती आल्या की दोन आठवडे लीडरकडे, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाकडे द्या. गजाच्या खुणा आधीच झाल्या नाहीत तर पहिली तालीम ‘गज वर की खाली?’ याच प्रश्नात संपते.

भारतीय कलावंताबरोबर: काम इथेच आहे

ही वाट नवी नाही. मूळचे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून मुंबईत सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बेतलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पंडित रविशंकरांनी पहिला सतार कन्चेर्टो १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर, आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केला. झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा ‘पेशकार’ सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजवला. तिन्ही वेळा मोठा कलावंत होताच, पण रचना वाद्यवृंदासाठी लिहून काढलेली होती. ‘पंडितजी वाजवतील, मागे तुम्ही काहीतरी धरा’ या पद्धतीनं ४२ माणसं चालत नाहीत.

पहिला प्रश्न षड्जाचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा. सतारीचा सा बहुधा पेटीच्या काळी एकच्या आसपास असतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई या स्वरांच्या, म्हणजे पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन; चेलोच्या सी, जी, डी, ए, म्हणजे पांढरी एक, पाच, दोन आणि सहा. काळी एकमध्ये त्यातली एकही तार नीट गुंजत नाही, बोटं अवघड पडतात आणि अख्खा संच बुजल्यासारखा वाटतो. सतार अर्धा स्वर चढवून पांढरी दोनला नेता येते का, ते करार करतानाच विचारा. ‘हो’ म्हणाले तर बदल मैफलीच्या चार-पाच दिवस आधी करायला सांगा, कारण तरफांसकट (खाली झंकारणाऱ्या तारांसकट) सगळं बसायला वेळ लागतो आणि आयत्या वेळी चढवलेली तार तुटते. गायिका काळी चार किंवा पाचमध्ये गाणारी असेल तर तिला बदलायला सांगू नका. गळा खुंटीवर चढत नाही. तिथे रचनाच तिच्या पट्टीत लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी ए म्हणजे ४४० हर्ट्झ हे कागदावर मान्य करा आणि कलावंताच्या तानपुरा-पेटीवरही तेच लावा.

तबलजीला दोन तबले आणायला सांगा. एसीत पुडी (तबल्याचं कातडं) सुकते, ताणते आणि स्वर चढतो. दिव्यांखाली आणखी चढतो. सभागृहाचा एसी मैफलीच्या तीन तास आधी सुरू करून तबला तेवढा वेळ मंचावरच ठेवा. मध्यंतरात हातोडी चालवायला दोन मिनिटं द्या, आणि ती दोन मिनिटं कार्यक्रमपत्रिकेत धरा.

मग ताल. कंडक्टर चार-चारच्या मात्रांचे खंड मोजतो, तबलजी आवर्तन मोजतो. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे चार खंड, एवढं सरळ आहे. झपतालाला २-३-२-३ असं लिहावं लागतं, नाहीतर मागच्या बाकावरचा वादक पाच-पाच मोजत बसतो. प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, प्रतीत ठळक खूण छापून घ्या. मोकळ्या वादनाची जागा ‘इथे तबला’ अशी सोडू नका. आठ आवर्तनं म्हणून ठरवा. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक आवर्तन आठ सेकंदांचं, आठ आवर्तनं ६४ सेकंदांची. शेवटची चार कंडक्टर बोटांनी दाखवतो.

बिघडतं ते असं. रंगात आलेला तबलजी सातव्या आवर्तनात चक्रदार तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) उचलतो आणि ती नववं आवर्तन संपवून दहाव्याच्या समेवर उतरते. तंतुवाद्यवाले आठ मोजून समेवर घुसतात, अर्धा संच कंडक्टरकडे बघतो, अर्धा प्रतीकडे. यावर उपाय असा की चेलो-बासला एक खंड सुराचा धागा म्हणून लिहून द्यायचा आणि तो कंडक्टरची खूण येईपर्यंत फिरवत राहायचा. मग तिहाई एक आवर्तन लांबली तरी कुणी पडत नाही. खूण कोण देणार, कंडक्टर की एकल वादक, हे एकाच माणसाकडे ठेवा.

हा धागा लिहिणाऱ्याला राग कळत असावा लागतो. सवयीनं सा-प धरला जातो. मारव्यात पंचम नाही. तिथे बासांनी पंचम धरून ठेवला की गायकाच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. मालकंसात सा-म लागतो. नवी रचना लिहून घेत असाल तर पूर्ण स्वरलिपी मैफलीच्या चार महिने आधी आणि वादकांच्या प्रती सहा आठवडे आधी हव्यात, असं करारात घाला. पहिलं वादन तुमचं, पुढची दोन वर्षं कुणाला द्यायची झाली तर तुमचा उल्लेख, आणि प्रती कुणाच्या मालकीच्या, हेही त्यातच लिहा.

तालमींचा क्रम: पहिलं सत्र कलावंताशिवाय, संचाचे स्वर पक्के करायला. दुसरं फक्त कंडक्टर, लीडर, चेलोचा पहिला वादक आणि कलावंत, एका खोलीत, हेच ते जादा सत्र. इथे माणसं कमी, म्हणून खर्चही कमी येतो, पण फायदा सगळ्यात जास्त. मग दोन सत्रं सगळ्यांची आणि रंगीत तालीम. सतार-तबल्याला माइक लागणारच. वाद्यवृंदाला शक्यतो लावू नका. कलावंताचा ऐकण्याचा स्पीकर व्हायोलाकडे तोंड करून ठेवला तर व्हायोलावाले स्वतःचा आवाज ऐकू शकत नाहीत, तो जमिनीलगत आत वळवा.

गायकवृंदाबरोबरचं काम त्या मानानं सोपं आहे, पण लांब आहे. हौशी गायकवृंदाला दहा-बारा आठवडे द्या आणि कृती जर्मनमधली असेल तर उच्चार ध्वनिमुद्रित करून पाठवा.

मंच आणि शाळा

४२ जणांना ७०० ते ७५० चौरस फूट मोकळा मंच हवा. स्टँड २९ लागतात: तंतुवाद्यवाल्यांचे दोघांत एक धरून १५, बाकीच्यांचे १३, कंडक्टरचा एक. खुर्च्या ३८ आणि उंच स्टुलं चार, तीन बासांना, एक टिम्पनीला. खुर्च्यांना हात नकोत. डेकोरेटर हमखास हातवाल्या प्लॅस्टिक खुर्च्या आणतो, त्यात व्हायोलिनचा गज अडकतो आणि चेलो तर मांडीत बसतच नाही. फोनवर सांगून भागत नाही, फोटो पाठवा. गुळगुळीत लादीवर चेलोची टोकदार दांडी घसरते, त्यासाठी पट्टा किंवा छोटी फळी बरोबर न्या. शाळेच्या सभागृहात पंखे चालूच असतात, म्हणून प्रतींची पानं धरायला कपड्यांचे चिमटे शंभर.

शाळेचा कार्यक्रम ४५ मिनिटांचा, सकाळी अकराचा. एकही कृती सहा मिनिटांपेक्षा लांब नको. शिक्षकांना दोन आठवडे आधी दोन पानं आणि तीन ध्वनिफिती द्या. मुलांनी एक धून आधी ऐकलेली असली की ती वाजताच सभागृहात कुजबुज उठते, ती तुम्हाला हवी आहे. वाद्यं हाताळायला देणं ३०० मुलांना जमत नाही. एकच ४० मुलांचा वर्ग निवडा, पाच टेबलं, टेबलाला आठ मुलं, सहा-सहा मिनिटांनी फिरती. अर्ध्या तासात होतं. व्हायोलिन अर्ध्या आणि पाव मापाची हवीत. ट्रम्पेटला प्लॅस्टिकची तोंडं आणि जंतुनाशक. ओबोची रीड (फुंकायची पाती) कुणाच्याही तोंडात देऊ नका.

एकदाच येऊन जाणारा कार्यक्रम फोटोपुरता असतो. त्याच शाळेत वर्षातून तीनदा जा. स्वतःचे वर्ग काढण्याची घाई मात्र नको. मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन, गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन अशा संस्था मुलांना वर्षभर शिकवतातच. तुमच्या भागात असं कुणी असेल तर त्यांना विचारा, काय कमी पडतं? बहुतेकदा उत्तर व्हायोला किंवा बसूनचा शिक्षक असं येतं. तेवढाच महिन्यातून दोनदा पाठवा.

तीन डबे

स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात साखर टाकत नाहीत, तसं पैशाचं ठेवा.

पहिला डबा प्रायोजकाचा. इथे कंपनी पोस्टरवर नाव, पन्नास तिकिटं, मध्यंतरात पाहुण्यांचा चहा मागते. तो व्यवहार आहे, त्याचं बिल करा.

दुसरा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट पुरी झाली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. पण जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजन सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे नियमातच आहे. म्हणून ‘मैफलीला सीएसआर द्या’ असं पत्र लिहू नका. शाळांचा उपक्रम वेगळा काढा, शिक्षणाच्या शीर्षाखाली, मुलांची संख्या, भेटी, शिक्षकाचं मानधन, वाद्यांची दुरुस्ती अशा ओळींत मांडा. संस्थेकडे आयकराची नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ क्रमांक (असा निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचा) हवा. जुलैत गेलात तर ऐकून घेतात, फेब्रुवारीत उरलेसुरले पैसे असतात.

तिसरा डबा रसिकांचा, आणि वर्षानुवर्षं टिकतो तो हाच. ‘वाद्यवृंदाला मदत करा’ यापेक्षा ‘दुसऱ्या ओबोची खुर्ची, पाच सत्रं, १५,००० रुपये’ हे लोकांना कळतं. त्या देणगीदाराला रंगीत तालमीला बोलवा आणि ओबोवाल्याशेजारी बसवा. दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, म्हणून दारावर क्यूआर कोड ठेवा. परदेशातल्या मराठी मंडळींचा कळवळा खरा असतो, पण परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

परदेशी कंडक्टर बोलावलात तर मानधन करापूर्वीचं की करानंतरचं, हे आकड्याशेजारीच लिहा. ते राहिलं की मैफलीच्या रात्री विंगेत वाद होतो. पर्यटन व्हिसावर कुणालाही वाजवायला उभं करू नका.

ध्वनिचित्रमुद्रणाची संमती प्रत्येक वादकाकडून लेखी घ्या, मुलं असतील तर पालकांकडून.

मैफलीनंतरचा आठवडा कारकुनी कामाचा. भाड्याच्या प्रतींवर फक्त मऊ पेन्सिल चालते. परत पाठवण्याआधी खुणा खोडून, बाकवार मोजून गठ्ठा बांधा. पहिल्या व्हायोलिनच्या तिसऱ्या बाकाची प्रत नेहमी कुणाच्या तरी पिशवीत घरी गेलेली असते, तिची भरपाई प्रकाशक लावतो. देणगीच्या पावत्या पंधरा दिवसांत, आणि आर्थिक वर्षाच्या देणग्यांचं विवरण ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे. ते राहिलं तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ओबोची खुर्ची रिकामी राहते.